एकट्याचे ताट

व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय मागविला तेव्हा आम्ही ‘एकट्याचे ताट’ एवढे दोन शब्द लिहून पाठविले. त्यावर त्यांचा नम्र निरोप आला की, आपण कामगार संघटनेत आयुष्य घालविलेले गृहस्थ. आपल्याकडून वेतन, कंत्राटी पद्धत, नव्या श्रमसंहिता यांविषयी ऐकायला मिळावे अशी श्रोत्यांची अपेक्षा असणार. खाण्यापिण्याचा विषय आपल्याला परका तर होणार नाही ना? आम्ही उत्तर धाडले की, वेतन आणि कामाचे तास यांविषयीच बोलणार आहोत, मात्र या खेपेस स्वयंपाकघराच्या दाराने आत शिरणार आहोत. चिटणीस भले गृहस्थ. त्यांनी मान्य केले. त्या भाषणाचे हे लेखरूप होय. भाषण संपल्यावर श्रोत्यांनी सांगितलेल्या दोनतीन गोष्टीही आम्ही यात घेतल्या आहेत.

प्रश्न अगदी साधा आहे. घरात दुसरे कोणी नाही, कोणी येणारही नाही, अशा वेळी आपण काय करून खाता?

हा प्रश्न आम्ही गेली कित्येक वर्षे सभा संपल्यावर, चहाच्या टपरीवर, गाडीच्या डब्यात विचारीत आलो आहोत. पहिले उत्तर ठरलेले असते : ‘काही नाही, असंच काहीतरी.’ हा ‘असंच’ शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. दुसऱ्यांदा विचारले की माणूस जरा हसतो, इकडेतिकडे पाहतो, आणि मग त्या ‘असंच’च्या पोटातून एकेक चीज बाहेर येते. एक रिक्षाचालक भाकरी चुरून तीत शेव आणि कच्चा कांदा घालतो, वर कच्चे तेल ओततो आणि त्याबरोबर घोट घोट गोड चहा घेतो. रात्रपाळीहून परतणारी एक परिचारिका दहीभातात बटाट्याचे वेफर चुरते. कुरकुरीत काही दाताखाली आले नाही तर जेवल्यासारखे वाटत नाही म्हणते. एक शिक्षिका पोळीला लोणच्याचा खार फासून त्यावर साखर भुरभुरते. एका वकिलांनी, आमच्याकडून नाव न सांगण्याचे वचन घेऊन, सांगितले की ते मॅगीची वडी कच्चीच मोडतात, मसाल्याची पुडी तीवर झाडतात आणि उभ्याउभ्या खातात. एक शिपाई गरम भातावर कोरा चहा ओतून, मीठ घालून जेवतो. आमच्या व्याख्यानाच्या दिवशी पहिल्या रांगेतील एक आजोबा उठून म्हणाले की, आमटीत पाव बुडवून त्यावर फरसाण घालणे हा त्यांचा शोध आहे, आणि सूनबाई घरी असताना तो त्यांना करता येत नाही. सभागृह हसले, सूनबाई शेजारीच बसल्या होत्या, त्याही हसल्या.

हे लोक विक्षिप्त आहेत असे कोणी समजू नये. भातावर चहा ओतणाऱ्या त्या शिपायाची आम्हीही थट्टा केली होती. पुढे ग्रंथालयात चाळता चाळता कळले की, जपानात भातावर गरम चहा ओतून खाण्याचा रीतसर पदार्थ आहे, त्याला ओचाझुके म्हणतात, आणि लोक तो आवडीने खातात. शिळ्या पावाचे तुकडे तेलात, लसणात परतून खाण्याला स्पेनमध्ये मिगास म्हणतात. तेथील मेंढपाळांचे आणि शेतमजुरांचे ते खाणे. म्हणजे आपली फोडणीची पोळीच! तिला आपल्याकडेही कोठे कुस्करा म्हणतात, कोठे कुटके, कोठे नुसतेच तुकडे. एका ठिकाणी जी लहर म्हणून लपविली जाते ती दुसऱ्या ठिकाणी नाव मिळवून बसते, एवढाच फरक. अमेरिकेतील पाकशास्त्रावरील लेखिका डेबोरा मॅडिसन यांनी तर लोक एकटे असताना काय खातात याच प्रश्नावर २००९ साली आख्खे पुस्तक प्रसिद्ध केले. तेव्हा आमचा प्रश्न अगदीच उनाड नाही.

आता हे असे का होते, ते पाहू. पहिले कारण भांड्याचे आहे.

आमचे वडील लालबागेत गिरणीत होते. रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावच्या मंडळींनी मिळून एक खोली घेतली होती. तीत बारा जण पाळीपाळीने राहत व झोपत. जेवण खानावळीत. गिरणगावात अशा खानावळी बहुतेक बायकाच चालवीत, आणि त्यांच्या कष्टांचा हिशेब प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करीपर्यंत कोणी फारसा मांडला नव्हता. खानावळीला रविवारी संध्याकाळी सुट्टी. त्यामुळे आठवड्यातील ती एक वेळ अशी की, ज्याने त्याने आपले पाहावे. खोलीत रॉकेलचा एक स्टोव्ह, एक पातेले, एक तवा. वडील सुका जवळा तव्यावर भाजीत, त्यावर कांदा चिरून घालीत, तेल सोडीत, आणि ते पावाबरोबर खात. गावी आजीला पावाचे वावडे होते. ‘हे आजीला सांगू नकोस,’ असे आम्हांला बजावून ठेवलेले असे. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि खोल्या रिकाम्या होऊ लागल्या. खोलीतील बरेच जण गावी गेले. वडील राहिले. त्यानंतर त्यांच्यासाठी आठवड्याचे सातही दिवस रविवारची संध्याकाळ झाली. जवळा महाग वाटू लागल्यावर नुसता पाव आणि चटणी.

एक भांडे आणि एक चूल असली की खाण्याचा आकार त्यानुसार ठरतो. भात वेगळा, आमटी वेगळी, भाजी वेगळी, हे चार भांड्यांचे आणि ती घासणाऱ्या दोन हातांचे जेवण आहे. एकटा माणूस सगळे एकात घालतो. चहाच्या पातेल्यात अंडे उकडतो. हे त्याच्या चवीविषयी कमी आणि घासण्याच्या भांड्यांविषयी अधिक सांगते.

दुसरे कारण मापाचे. आमच्याकडील पाककृतींची पुस्तके, लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या १९१० सालच्या ‘गृहिणीमित्र’पासून कमलाबाई ओगले यांच्या १९७० सालच्या ‘रुचिरा’पर्यंत, घर भरलेले आहे असे धरून चालतात, आणि त्या काळी ते बरोबरच होते. पण एका माणसाचा स्वयंपाक म्हणजे चौघांच्या स्वयंपाकाचा चौथा हिस्सा नव्हे. मूठभर डाळ मोठ्या पातेल्यात शिजत नाही, बुडाला लागते. मेथीची जुडी अर्धी मिळत नाही. फोडणीचे तर विचारूच नका : मोहरी तडतडायला तेलाची थोडी तरी खोली लागते, चमचाभर तेल मोठ्या कढईत टाकले तर ते पसरून जळते आणि मोहरी कच्चीच राहते. म्हणून एकट्या माणसाने लोखंडी फोडणीची पळी जवळ बाळगावी, असे आम्ही सगळ्यांना सांगतो. अर्धा चमचा तेलात तीत फोडणी होते, आणि गार भात, ताक, शिळी भाकरी, काहीही त्या फोडणीने जेवण बनते. बाजाराने मात्र एकट्याचे माप फार लवकर ओळखले. जपानात मोमोफुकू आंदो यांनी १९५८ साली झटपट शिजणाऱ्या शेवयांची वडी काढली. आपल्याकडे १९८३ साली मॅगी आली. एक पुडी, एक माणूस, एक भांडे. पुस्तकांनी ज्याला वगळले त्याला कारखानदाराने बरोबर गाठले. त्यात मैदा आणि मीठ किती, हा पुढचा प्रश्न.

तिसरे कारण उरलेल्या अन्नाचे, आणि येथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. भात किंवा भाकरी गरम असताना तिच्यातील पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगलेले, मऊ असतात. गार होताना ते पुन्हा एकमेकांशी जुळून घट्ट होतात. यालाच आपण शिळे होणे म्हणतो. नुसते पाणी उडून जाणे नव्हे. म्हणून शिळा भात मोकळा होतो आणि फोडणीला चांगला लागतो, ताज्या भाताचा मात्र लगदा होतो. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नाही, म्हणून शिळी भाकरी मुठीत चुरते आणि ताक भराभर पिते. पोळी मात्र चिवट होते, तिचे बोटांनी तुकडे करावे लागतात. एकट्याचे निम्मे पदार्थ या एका गोष्टीवर उभे आहेत. पण एक इशारा दिल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे. भातात एका जातीच्या जंतूंची बीजे असतात, ती शिजवूनही मरत नाहीत. भात उन्हाळ्यात तासन्‌तास बाहेर राहिला की ती वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा परतून जात नाही. रात्रपाळीला सकाळचा भात डब्यात नेणाऱ्यांना उलट्या होतात त्या बहुधा यामुळे, आणि दोष मात्र बिचाऱ्या डाळीला लागतो. भात उरणार असेल तर लवकर गार करावा, पसरून, आणि थंड जागी ठेवावा.

इथवरचे ऐकून पुरुष श्रोते खूष होते. आपापल्या लहरींना कारणे मिळाली. पुढचा भाग तितका गमतीचा नाही.

आपल्या जुन्या ग्रंथांना एकट्याने खाणे मान्य नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात दानाविषयी एक सूक्त आहे, त्यात एकटा खाणारा एकटाच पापाचा धनी होतो असे म्हटले आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातही, जे केवळ स्वतःसाठी शिजवितात ते पापच खातात, असे सांगितले आहे. आम्ही शाळा लवकर सोडलेली माणसे. संस्कृत आम्ही भाषांतरावरून वाचतो. तरी आमच्या समजुतीप्रमाणे हा उपदेश ज्याच्या कोठारात धान्य आहे आणि दारात भुकेला उभा आहे अशा माणसाला होता. पण तो लागू कोणाला झाला? कोठारवाल्याला झालेला आम्हांस तरी दिसला नाही. तो लागू झाला घरातील बाईला. ‘माझ्या एकटीसाठी कुठं करत बसू?’ हे वाक्य आम्ही ब्राह्मण आळीत ऐकले, कामगार चाळीत ऐकले आणि झोपडपट्टीत ऐकले. घरातील माणसे असतात तेव्हा हीच बाई दोन भाज्या करते. ती गेली की चहा आणि कालची चपाती.

केंद्र सरकारने २०२४ साली केलेल्या वेळ-वापराच्या पाहणीत असे दिसले की, घरचे बिनमोलाचे काम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्या कामात घालवितात, आणि असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. पावणेपाच तासांहून अधिक. त्यातील पाच मिनिटे स्वतःच्या ताटासाठी का निघत नाहीत, हे त्या तक्त्यात कोठे लिहिलेले नाही.

काही वर्षांमागे एका इस्पितळात कंत्राटावर साफसफाई करणाऱ्या बायकांची आम्ही बैठक घेतली. विषय होता थकलेल्या पगाराचा. बायका बोलत नव्हत्या. बोलते करावे म्हणून आम्ही आपला नेहमीचा प्रश्न टाकला. प्रथम ‘असंच’. मग चहा-चपाती, चहा-खारी, चहा-बटर, असे सुरू झाले. मग मागून एक तिशीतील बाई म्हणाली, ‘भाऊ, मी तांदूळ खाते.’

‘भात म्हन की गं,’ शेजारीण म्हणाली.

‘न्हाई, कच्चंच. डब्यातनं मूठ भरून. दुपारी कुनी नसलं की.’

बायका मोठ्याने हसल्या. हसणे ओसरले तेव्हा आणखी एक म्हणाली की ती लेकीच्या दप्तरातील पाटीवरची पेन्सिल खाते. तिसरीने भाजक्या मातीचे नाव घेतले. आता सगळ्यांना जोर चढला होता. आम्हीही हसत होतो, हे कबूल केले पाहिजे. हसत नव्हत्या त्या एकट्या, आमच्या संघटनेच्या कामात मदत करणाऱ्या एक वयस्क परिचारिका. त्यांनी त्या तिघींना उठवून जवळ बसविले, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी रक्त तपासायला नेले. तांदूळ खाणाऱ्या बाईचे हिमोग्लोबिन सात भरले. बाईमाणसाचे बारा तरी असावे लागते. ज्या इमारतीत ती रोज फरशी पुसत होती त्याच इमारतीत रक्त तपासले जात होते, आणि तिला कोणी कधी विचारले नव्हते.

कच्चा तांदूळ, खडू, माती, बर्फ असले काही खाण्याची अनावर ओढ लागणे, याला वैद्यकात पायका असे नाव आहे. लॅटिन भाषेत ते एका पक्ष्याचे नाव आहे, जो म्हणे काहीही चोचीत उचलतो. शरीरात लोह कमी पडले की ही ओढ पुष्कळदा दिसते, आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की ती जाते. त्या बाईची तीन महिन्यांत गेली. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५७ जणींच्या अंगी रक्त कमी आढळले. त्यांतील किती जणी डब्यातून मूठ भरून घेत असतील, आणि किती घरांत सासूने तांदूळ लवकर का संपतो म्हणून विचारले असेल, याची पाहणी झालेली नाही.

आणि येथे त्या चहा-चपातीकडे परत यावे लागते. चहातील तुरट द्रव्य लोहाला धरून ठेवते. धान्यातील, पालेभाजीतील लोह आधीच अंगी थोडे लागते, त्यात जेवणाबरोबर चहा घेतला की आणखी कमी लागते. लिंबू, आवळा, पेरू यांनी तेच वाढते. म्हणजे एकट्या बाईचे जे ठरलेले जेवण, तेच तिच्या रक्ताच्या वाईटावर आहे. आम्ही चहाचे वैरी नव्हे. संघटना चालतेच चहावर. पण चहा जेवणानंतर तासाभराने घ्यावा आणि चपातीबरोबर लिंबू पिळलेले काहीतरी, कालच्या उसळीची वाटी का होईना, घ्यावी, इतके आम्ही प्रत्येक बैठकीत सांगतो. हे सांगायला डॉक्टर लागत नाही. मात्र उसळीसाठी मटकी भिजवायला आदल्या रात्री आठवण लागते, आणि दोन पाळ्यांत काम करणाऱ्या बाईची आठवण कशाकशाला पुरणार? पगार वेळेवर मिळण्याच्या मागणीशी ही गोष्ट जोडलेली आहे असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

कायद्याचेही असेच आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे उपाहारगृह असावे अशी तरतूद केली. २०२० च्या संहितेने ती संख्या शंभरावर आणली. चांगलेच झाले. पण कायदा जेवणाऱ्यांना पंगतीने मोजतो. गोदामाच्या फाटकावर बारा तास उभा असलेला राखणदार एकच असतो. त्याला उपाहारगृह कोण देणार? असाच एक राखणदार विजेच्या किटलीत आपले जेवण करी : आधी दोन अंडी उकडायची, मग त्याच पाण्यात शेवयांची वडी. आम्ही स्वतः खाऊन पाहिले आहे, वाईट लागत नाही. मालकाच्या माणसाने एके दिवशी किटली जप्त केली. वीज खासगी कामाला वापरली, आणि आगीचा धोका. आम्ही मागणीपत्रात शेवटचे कलम म्हणून किटली घातली. वाटाघाटीच्या टेबलावर ते कलम वाचून समोरचे अधिकारी खो-खो हसले, आणि हसण्याच्या भरात त्यांनी ते मान्य केले. किटली, एक लहान टेबल आणि भिंतीत एक खटका मिळाला. जेवणाच्या अर्ध्या तासासाठी बदली माणूस मागितला होता, तो अजून मिळालेला नाही. त्यामुळे शेवयांचा घास तोंडात असताना गाडी आली की राखणदार उठतो, फाटक उघडतो आणि परत येतो तेव्हा त्या फुगून घट्ट झालेल्या असतात. पिष्टाचे शास्त्र तो आमच्याकडून शिकला नाही.

मागच्या महिन्यात आम्ही लालबागेतील एका मावशींना भेटायला गेलो होतो. आमचे वडील ज्यांच्याकडे जेवत त्या खानावळीत त्या सासूच्या हाताखाली उभ्या राहिल्या आणि पुढे ती त्यांनीच चालविली. चाळीस माणसांच्या भाकऱ्या रोज थापल्या. आता एकट्याच असतात. आम्ही विचारले, ‘मावशी, एकटीपुरतं काय करता?’

‘काय करणार? असंच.’

मग त्यांनी आमच्यादेखत ते ‘असंच’ केले. पिठाची एक लहान मूठ, एक जाड भाकरी, पळीत लसणाची फोडणी. भाकरीची एक कड त्यांनी तव्यावर मुद्दाम करपू दिली. आम्ही बोट दाखवले तेव्हा म्हणाल्या, ‘गिऱ्हाईक करपलेली परत करायचं. ती मीच खायची. आता तशीच आवडते बघ.’ मग परातीकडे हात नेत म्हणाल्या, ‘तुला टाकू एक?’

आमची मात्र त्यांनी करपू दिली नाही.